ऱ्होड्सचा पुतळा बाजूला ठेवा, त्याचे कायदे वाचा

दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्स याच्यावरचा वाद पुतळ्यापाशी सुरू होतो आणि पुतळ्यापाशीच संपतो. केपटाउन विद्यापीठातला त्याचा पुतळा ९ एप्रिल २०१५ रोजी हलवला गेला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजच्या दर्शनी भिंतीवरचा पुतळा काढावा, असं कॉलेजच्या कारभाऱ्यांनीच २०२० मध्ये म्हटलं आणि २०२१ मध्ये खर्च आणि परवानग्यांची अडचण सांगून तो आहे तिथेच ठेवला. तेव्हापासून दोन्ही बाजू ठरलेली वाक्यं म्हणत आहेत. एकीच्या मते तो वर्णद्वेषी लुटारू. दुसरीच्या मते तो त्याच्या काळाचा माणूस, शिष्यवृत्त्या ठेवून गेलेला दाता, आणि त्याचा पुतळा पाडणं म्हणजे इतिहास पुसणं. हा माणूस साडेपाच वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश केप वसाहतीचा पंतप्रधान होता आणि त्या पदावरून त्याने कायदे केले, हे या गदारोळात जवळजवळ कुणाच्या तोंडी येत नाही. ऱ्होड्सचा निवाडा त्याच्या मनातल्या द्वेषावरून किंवा मृत्युपत्रातल्या दानावरून करू नये. १८९२ चा मताधिकार कायदा आणि १८९४ चा ग्लेन ग्रे कायदा यांवरून करावा, असं माझं ठाम मत आहे. त्या कसोटीवर त्याचा बचाव टिकत नाही, आणि त्याच्या विरोधकांचीही एक आवडती अतिशयोक्ती टिकत नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १८५३ मध्ये इंग्लंडात एका पाद्र्याच्या घरी जन्मलेला ऱ्होड्स १८७० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत भावाच्या कापसाच्या शेतीवर आला आणि वर्षभरात किंबर्लीच्या हिऱ्यांकडे वळला. १८८१ मध्ये बार्कली वेस्टमधून तो केपच्या संसदेत गेला आणि मरेपर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली. १८८८ मध्ये त्याच्या डी बियर्स या हिरे कंपनीचं एकत्रीकरण झालं, १८८९ मध्ये त्याच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला सनद मिळाली, आणि जुलै १८९० मध्ये तो पंतप्रधान झाला. हिऱ्यांचा मालक म्हणून तो सर्वांना माहीत आहे, पण जमिनीची भूकही तेवढीच मोठी होती. टेबल माउंटनच्या पायथ्याची ग्रूट स्खूरची मालमत्ता, ड्रॅकेनस्टाइन खोऱ्यातल्या फळबागा, लिम्पोपो नदीपलीकडे, आजच्या झिंबाब्वेत, इन्यांगा आणि मातोपोच्या परिसरातली प्रचंड शेतं, हे सगळं त्याच्या नावावर होतं. म्हणजे जमिनीचे कायदे करणारा पंतप्रधान, खाणीसाठी मजूर हवे असणारा कारखानदार आणि नव्या मुलखात जमिनी वाटणाऱ्या कंपनीचा प्रमुख, हे तिघेही एकच. असा माणूस शेतकऱ्याने किती जमीन ठेवावी हे ठरवायला बसला, तर त्याचा हेतू तपासण्याआधी त्याचं हितसंबंधांचं गणित तपासायला नको का?

सत्तेवर तो जान हॉफमायरच्या आफ्रिकानर बाँडच्या पाठिंब्यावर आला. बाँड हा मुख्यतः डच वंशाच्या शेतकऱ्यांचा पक्ष. त्यांना शेतावर स्वस्त मजूर हवे होते आणि मतदारयादीत कृष्णवर्णीयांची वाढती नावं नको होती. ऱ्होड्सला उत्तरेकडच्या विस्तारात त्यांचा अडथळा नको होता. या देवाणघेवाणीची चुणूक १८९० मध्येच दिसली. नोकराने आज्ञा मोडली किंवा काम टाळलं तर मॅजिस्ट्रेटने त्याला फटके द्यावेत, अशी मुभा देणारं विधेयक सभागृहात आलं. उदारमतवाद्यांनी त्याला ‘चाबूक विधेयक’ म्हणून झोडपलं आणि ते फेटाळलं गेलं. पंतप्रधानांचं मत विधेयकाच्या बाजूने पडलं होतं.

आता बचाव पक्षाची बळकट बाजू नीट मांडू, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर वाद पुन्हा घोषणांवर येईल. ऱ्होड्सला शेतीची खरी कळकळ होती. मेंढ्यांच्या खरजेवर सक्तीच्या औषधी स्नानाचा १८९४ चा कायदा त्याने आपल्याच मित्रपक्षातल्या मेंढपाळांचा रोष पत्करून केला. फायलोक्सेरा किडीने केपचे द्राक्षमळे मुळासकट वाळवले, तेव्हा किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलम करण्याला आणि पुढे निर्यातीच्या फळबागांना त्याने पैसा आणि माणसं दिली. दुसरं, त्याच्या मताधिकार कायद्यात वंशाचा उल्लेखच नाही. तिसरं, त्याच्या मृत्युपत्रात वंश किंवा धर्मामुळे कोणी शिष्यवृत्तीला अपात्र ठरणार नाही असं कलम आहे. आणि सर्वांत जोरदार चौथा मुद्दा हा की ग्लेन ग्रे कायद्याने त्या जिल्ह्यातल्या थेम्बू या आफ्रिकी जमातीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गोऱ्या खरेदीदारांच्या हाती जाण्यापासून वाचवल्या. हा मुद्दा खोटा नाही. त्या जिल्ह्यावर गोऱ्या शेतकऱ्यांचा डोळा होता आणि विक्रीला मोकळीक असती तर कर्जापोटी कितीतरी जमिनी गेल्या असत्या. याला उत्तर द्यायचं तर कायद्याच्या आत शिरावं लागतं.

आधी १८९२. केपच्या १८५३ च्या घटनेत मताधिकाराला वर्णाची अट नव्हती. २५ पौंड किमतीच्या मालमत्तेचा ताबा किंवा वर्षाला ५० पौंड पगार असलेला कोणताही पुरुष मतदार होऊ शकत होता. पूर्व केपमध्ये मिशनच्या शाळांतून शिकलेले, नांगर आणि बैल बाळगणारे आफ्रिकी शेतकरी या दारातून आत येऊ लागले आणि काही मतदारसंघांत त्यांच्या मतांवर निकाल फिरू लागले. १८८७ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान स्प्रिग याच्या सरकारने पहिली कडी घातली: सामाईक वहिवाटीची जमीन मालमत्तेच्या हिशेबात धरायची नाही. हजारो नावं गळाली. तिथल्या झोसा भाषक आफ्रिकींनी त्या कायद्याचं नाव ‘तोंड शिवणं’ असं ठेवलं. १८९२ मध्ये ऱ्होड्सने दुसरी कडी घातली: मालमत्तेची अट २५ वरून ७५ पौंडांवर, आणि अर्जदाराला स्वतःचं नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहिता आला पाहिजे. कागदावर हे सर्वांना सारखं. पण मातीच्या भिंतीचं घर आणि भोवतालचा जमिनीचा तुकडा यांची किंमत २५ पौंड भरते आणि ७५ भरत नाही, हे ठरवणाऱ्यांना पुरेपूर माहीत होतं. चाळण कुणासाठी लावली आहे हे तिच्या छिद्रांच्या मापावरून कळतं, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून नाही.

वंशाचं नाव न घेता वंशाला वगळण्याची ही युक्ती भारतीयांच्याही वाट्याला आली. १८९४ मध्ये शेजारच्या नाताळ वसाहतीने भारतीयांचा मताधिकार काढणारं विधेयक आणलं. गांधीजींनी सह्यांचा अर्ज उभा केला आणि त्याच ऑगस्टमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. लंडनला उघड वंशभेद अडचणीचा वाटला. तेव्हा १८९६ मध्ये मसुदा बदलला: ज्या देशांत संसदीय पद्धतीच्या निवडून आलेल्या संस्था नाहीत, तिथल्या लोकांना मत नाही. भारत हा शब्द गेला, भारतीय मात्र वगळले गेलेच. ‘कायद्यात वंशाचा उल्लेख नाही’ हा बचाव नाताळच्या बाबतीत एकही मराठी वाचक मान्य करणार नाही. मग केपच्या बाबतीत का करावा?

आता १८९४ चा पंचविसावा कायदा. ग्लेन ग्रे हा क्वीन्सटाउनच्या ईशान्येचा, लेडी फ्रियर गावाभोवतीचा थेम्बूंचा जिल्हा. ऱ्होड्सने तोवर आफ्रिकी प्रजेच्या कारभाराचं खातंही स्वतःकडे घेतलं होतं. ३० जुलैला त्याने दुसऱ्या वाचनाचं भाषण केलं, आफ्रिकेसाठीचं विधेयक अशी त्याची ओळख करून दिली, आणि ऑगस्ट संपायच्या आत कायदा झाला. तो असा चालायचा. सामाईक जमीन मोजून तिचे सुमारे चार चार मॉर्गनचे भूखंड पाडायचे. एक मॉर्गन म्हणजे अंदाजे २.१ एकर, म्हणून एक भूखंड साधारण साडेआठ एकरांचा. मोजणीचा आणि कागदपत्रांचा खर्च शेतकऱ्याकडून. वर्षाला सारा १५ शिलिंग. चराई सामाईक राहील, पण तिच्यावर देखरेख तीन जणांच्या गावमंडळाची. एका माणसाला एकच भूखंड. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही. वाटणी नाही. बापामागे जमीन थोरल्या मुलाला. सारा थकला, जमीन कसली नाही किंवा बंडात सामील झालात, तर जप्ती. आणि हा भूखंड वैयक्तिक मालकीचा असूनही मताधिकारासाठी तो सामाईकच समजायचा.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. १८८७ मध्ये सांगितलं गेलं की तुमची जमीन सामाईक आहे म्हणून मत नाही. १८९४ मध्ये सामाईक जमीन मोडून वैयक्तिक केली आणि तरीही मत नाही असंच सांगितलं. खासगी मालकीमुळे माणूस जबाबदार नागरिक होतो, हा त्या पिढीच्या इंग्रज सुधारकांचा लाडका सिद्धान्त. ऱ्होड्सने मालकीचं ओझं, म्हणजे सारा, मोजणीचा खर्च आणि जप्तीची टांगती तलवार, पुरतं दिलं. मालकीतून मिळणारे हक्क मात्र एकेक करून कापून घेतले. शेतकरी ती विकू शकत नव्हता, तिच्यावर कर्ज काढू शकत नव्हता, शेजारचा दुसरा भूखंड घेऊन शेती वाढवू शकत नव्हता, आणि तिच्या जोरावर मतही देऊ शकत नव्हता.

साडेआठ एकर म्हणजे आपल्याकडे काही कमी नाही, असं एखाद्या मराठी वाचकाला वाटेल. पण प्रश्न पहिल्या पिढीचा नव्हता. पावसावरच्या त्या मक्याच्या शेतात एक घर कसंबसं भागत असेल, तर धाकट्या दोन मुलांनी काय करायचं? वाटणीला बंदी, दुसरी जमीन घ्यायला बंदी. त्यांनी बाहेर पडायचं, हेच उत्तर कायद्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि ऱ्होड्सने सभागृहात ते लपवलंही नाही. सगळ्यांना जमीन पुरणार नाही, लोकसंख्या वाढते आहे, त्यांना कामाची सवय लागली पाहिजे, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. त्या सवयीसाठी कायद्यात श्रम-कर होता. काम करण्याजोगा जो पुरुष वर्षातून किमान तीन महिने जिल्ह्याबाहेर नोकरीला गेला नाही, त्याने १० शिलिंग भरायचे. एकूण तीन वर्षं बाहेर काम केल्याचं सिद्ध केलं की कायमची सुटका. कराचं उत्पन्न औद्योगिक शाळांसाठी वापरायचं होतं, असं त्याचे समर्थक सांगतात आणि ते खरं आहे. पण ‘जिल्ह्याबाहेर’ या अटीचं काय? स्वतःच्या शेतात बारा महिने राबणारा माणूस या कायद्याच्या लेखी आळशी ठरत होता. गोऱ्याच्या शेतावर किंवा खाणीत तीन महिने काढणारा तेवढा उद्योगी.

नाताळमध्ये याच सुमाराला, १८९५ मध्ये, करार संपलेल्या भारतीय मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला गेला. आधीचा प्रस्ताव तर २५ पौंडांचा होता. कर भरा, पुन्हा करारावर सही करा, नाहीतर भारतात परत जा, असा तो पेच. पैसा जमवणं हे अशा कराचं मुख्य काम नसतंच. माणसाला कुठे राबायचं ते सांगणं हे त्याचं काम. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याकडे याच तीन पौंडी कराचा विषय सर्वांत नेटाने लावून धरला. भारतीय मजुरांच्या १९१३ च्या संपानंतर, १९१४ मध्ये तो रद्द झाला.

ग्लेन ग्रेच्या आकड्यांशेजारी आणखी एक कागद ठेवायला हवा. ऑगस्ट १८९३ मध्ये, लिम्पोपोपलीकडच्या मातबेलेलँडवर चालून जाण्याआधी, ऱ्होड्सच्या कंपनीच्या वतीने त्याचा जवळचा सहकारी जेमसन याने फोर्ट व्हिक्टोरियात स्वयंसेवकांशी करार केला. प्रत्येकाला ३,००० मॉर्गन जमीन, सोन्याचे वीस दावे, आणि लुटीच्या गुरांतला वाटा. जमिनीवर राहण्याची किंवा ती कसण्याची अट नाही. सारा वर्षाला १० शिलिंग. म्हणजे एकाच माणसाच्या अधिकाराखाली, वर्षाच्या अंतराने, सहा हजारांहून अधिक एकरांना १० शिलिंग सारा ठरला आणि साडेआठ एकरांना १५. एकाने जमीन कसलीच पाहिजे, नाहीतर जप्ती. दुसऱ्याने तिच्याकडे फिरकलं नाही तरी चालेल. ‘जमीन सगळ्यांना पुरणार नाही’ हे वाक्य या दोन आकड्यांसमोर ठेवून वाचलं की ऱ्होड्सच्या मनात काय होतं याची चर्चा करायची गरजच उरत नाही.

मग जमिनी वाचवल्याच्या मुद्द्याचं काय? इथे आपल्याकडचा इतिहास उपयोगी पडतो. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूरपासून सुरू झालेल्या मोजणीने रयतेला विकता आणि गहाण टाकता येणारी जमीन दिली. सावकारी कर्जाने ती जाऊ लागली, १८७५ मध्ये सुप्याला दंगा पेटला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुढे १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली: साऱ्यापोटी जप्त झालेली जमीन परत देताना ती हस्तांतर करता येणार नाही, अशा शर्तीवर द्यायची. आजच्या सातबाऱ्यावरच्या नव्या शर्तीचं मूळ तिथे आहे. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी कायदेमंडळात विरोध केला. लोकांना मत मांडायला वेळ द्या, विधेयक पुढे ढकला, ही मागणी धुडकावली गेली तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. रयतेची पतच मारली जाईल, ही त्यांची भीती होती. तरीही मला वाटतं, विक्रीवरचा निर्बंध हा आपोआप अन्याय ठरत नाही. आदिवासींच्या जमिनींना आपण आजही असं संरक्षण देतो आणि ते योग्यच आहे. पण संरक्षणाला फक्त एका अटीची गरज असते: बाहेरच्याला विकायचं नाही. एका माणसाला एकच भूखंड, थोरल्यालाच वारसा, आपापसातही खरेदी नाही, बाहेर नोकरी केली नाही तर कर, आणि मत नाही, या पाच अटी सावकारापासून किंवा गोऱ्या खरेदीदारापासून कोणतं रक्षण करतात? त्या काढून टाकल्या तरी जमीन तेवढीच सुरक्षित राहते. कष्टाळू शेतकऱ्याची वाढ रोखणं, हे एकच काम त्या करतात.

आणि कायदा त्याच्या स्वतःच्या हिशेबानेही नीट चालला नाही. थोरल्यालाच सगळं हा नियम घरोघरी कुणाला पटणार? बापामागे भाऊ, विधवा, पुतणे आपापसात ठरवून जमीन कसत राहिले. कचेरीत नोंद करायची तर खर्च, आणि केलेली वाटणी बेकायदा, म्हणून नोंदच कुणी करेना. मालकीपत्र मेलेल्या माणसाच्या नावावर आणि नांगर भलत्याच्याच हातात, अशी स्थिती झाली. वारसनोंद रखडलेला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही: भांडण झालं की खरा कसणारा कागदावर कुठेच नसतो.

‘तो त्याच्या काळाचा माणूस होता’ या वाक्याला उत्तर त्याच्या काळातच आहे. किंग विल्यम्स टाउनहून ‘इम्वो झाबान्त्सुंदू’ हे झोसा भाषेतलं पत्र काढणारा जॉन टेंगो जबावू याने या कायद्याला उघड विरोध केला. तो त्या काळाचा माणूस नव्हता का? मेरिमन, सॉअर आणि रोज-इन्स हे ऱ्होड्सचे स्वतःचे मंत्री. १८९२ च्या कायद्याशी त्यांनी तडजोड केली, हा त्यांच्यावरचा डाग आहेच, पण १८९३ मध्ये रेल्वेच्या उपाहारगृहांचं कंत्राट एका सहकारी मंत्र्याने निविदेशिवाय मर्जीतल्या माणसाला दिल्याचं उघड झालं तेव्हा ते त्या सहकाऱ्याबरोबर बसायला तयार झाले नाहीत. ऱ्होड्सने त्यांना गमावणं पसंत केलं आणि स्प्रिगला जवळ घेतलं. ग्लेन ग्रे विधेयक आलं तेव्हा मंत्रिमंडळात ‘थांबा’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. काळ एकाच सुरात बोलत होता असं मानणं म्हणजे त्या काळात विरोध करणाऱ्यांना दुसऱ्यांदा गप्प करणं. ‘झांबेझीच्या दक्षिणेला प्रत्येक सुसंस्कृत माणसाला समान हक्क’ ही त्याची घोषणा बचावात नेहमी येते. मुळात तिथे शब्द ‘गोऱ्या माणसाला’ असा होता. बाँडशी युती तुटल्यावर मिश्रवंशीय मतदारांची गरज पडली तेव्हा तो बदलला.

आता विरोधकांबद्दल. ऱ्होड्सला वर्णभेदाच्या राजवटीचा जनक म्हणणं सोपं आहे, पण त्यामुळे बाकीचे सगळे सुटतात. १८८७ ची कडी स्प्रिगने घातली होती. मजूर बाँडच्या शेतकऱ्यांनी मागितले होते. १९१३ चा जमीन कायदा, ज्याने आफ्रिकींना सुमारे सात टक्के भूमीपुरतंच बांधून टाकलं, तो ऱ्होड्स मेल्यावर अकरा वर्षांनी बोथाच्या सरकारने केला. एका राक्षसावर सगळं ढकललं की ज्या संसदेने हात वर केले, ज्या व्यापाऱ्यांनी नफा घेतला आणि ज्या लंडनने संमती दिली, ते सगळे सज्जन ठरतात. ऱ्होड्सचं खरं कर्तृत्व याहून नेमकं आणि म्हणून जास्त गंभीर आहे. खाण, शेत आणि मतपेटी या तिन्हींच्या गरजा एकाच कायद्यात कशा बसवायच्या, याचा चालू शकणारा नमुना त्याने तयार केला. ग्लेन ग्रे कायद्यातल्या, सरकारने नेमलेल्या स्थानिक परिषदा, ज्यांच्या अध्यक्षस्थानी गोरा मॅजिस्ट्रेट बसे, लगेच ट्रान्सकाय या आफ्रिकी वस्तीच्या भागातल्या चार जिल्ह्यांत गेल्या आणि मताऐवजी परिषद हे सूत्र पुढची साठ-सत्तर वर्षं वापरलं गेलं.

त्याचं पद गेलं ते कशामुळे, हेही पाहण्यासारखं आहे. २९ डिसेंबर १८९५ रोजी जेमसन पाचशेच्या वर माणसं घेऊन ट्रान्सवाल या शेजारच्या बोअर प्रजासत्ताकात घुसला आणि २ जानेवारीला शरण आला. कटात हात असल्यामुळे ऱ्होड्सने जानेवारी १८९६ मध्ये राजीनामा दिला. चौकश्या झाल्या, लंडनमध्ये आणि केपटाउनमध्ये. त्या सगळ्या एका गोऱ्या प्रजासत्ताकावर केलेल्या हल्ल्याच्या. ग्लेन ग्रेबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही. आजही त्याच्या चरित्रात ‘पतन’ म्हणून जेमसनची स्वारी येते आणि १८९४ एखाद्या परिच्छेदात उरकलं जातं.

श्रम-कर वसूल करणं जमेना. कोण किती महिने बाहेर होता याचा हिशेब मॅजिस्ट्रेटच्या कचेरीला ठेवता येईना, आणि १९०५ मध्ये तो रद्द झाला. त्याचा हवाला देऊन समर्थक म्हणतात की कायद्याचा सगळ्यांत कठोर भाग निष्प्रभ ठरला, मग एवढा आरोप कशाला? पण तो रद्द करणं इतकं सोपं का गेलं, ते पाहा. चार मॉर्गनची मर्यादा, वाटणीबंदी आणि खरेदीबंदी तशीच होती. धाकट्या मुलांना घराबाहेर काढायला दहा शिलिंगांच्या कराची गरजच राहिली नव्हती. ते आपणहून रेल्वेत बसून जोहान्सबर्गला जात होते, आणि कागदोपत्री त्यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती.